डाव्या पायातला बूट

माझ्या आयुष्यातली सगळ्यात अवघड परीक्षा मी एका कॉटसाठी दिली. इंजिनिअरिंगला दोन विषय राहिले होते तेव्हाही मी निवांत झोपायचो. पण दुबईच्या करामा भागातल्या त्या फ्लॅटमध्ये, डोक्यावर एसी घरघरत असताना, मला दरदरून घाम फुटला होता.

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी पुण्याहून दुबईला आलो होतो, एका बांधकाम कंपनीत क्वांटिटी सर्व्हेअर म्हणून. कंपनीच्या गेस्ट हाऊसमधून बाहेर पडायची वेळ आली तेव्हा ऑफिसातल्या एका मराठी सहकाऱ्यानं पत्ता दिला. "करामात एक मराठी गृहस्थ बॅचलर लोकांना बेडस्पेस देतात, म्हणजे आपल्या फ्लॅटमधली एकेक कॉट भाड्यानं. माणूस सोन्यासारखा आहे. फक्त जरा... जाऊ दे, यल्ला, चल, तूच बघ."

दार उघडलं ते पन्नाशीच्या एका किडकिडीत माणसानं. वर अर्ध्या बाह्यांचा शर्ट, त्यावर टाय, आणि खाली पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा. माझं नाव, गाव, पगार यातलं त्यांनी काहीही विचारलं नाही. टेबलाशी बसवलं, कोरे कागद पुढे केले आणि एक चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर एकच शब्द होता, 'सावली'.

"तीन तास आहेत," ते म्हणाले. "प्यायचं पाणी फ्रिजमध्ये आहे."

"म्हणजे... काय लिहायचं?"

"तेच तर बघायचंय."

मला वाटलं, हा माणूस वेडा असावा. पण बाहेर ऑगस्ट महिना होता आणि माझ्या दोन्ही बॅगा नातूरकडे, म्हणजे इमारतीच्या रखवालदाराकडे, ठेवलेल्या होत्या. मी लिहीत सुटलो. झाडाची सावली, माणसाची सावली, बस स्टॉपची सावली, जी दुबईत नेमकी स्टॉपच्या मागच्या बाजूला पडते. शेवटी सगळं सुचणं संपलं तेव्हा कंटाळून लिहिलं, 'याहून जास्त मला सावलीबद्दल माहिती नाही.'

त्यांनी ते सगळं उभ्यानं वाचलं. "भिकार आहे," म्हणाले. "पण शेवटचं वाक्य प्रामाणिक आहे. खिडकीजवळची कॉट घ्या. आणि हिरवळीवर पाय ठेवू नका, तुम्ही अजून नवीन आहात."

हिरवळ म्हणजे हॉलमधलं हिरवं कार्पेट. दुकानांच्या दारात अंथरतात ना, प्लॅस्टिकच्या गवताचं, तसलं. त्याच्या भोवतीनं भिंतीला पाठ घासत मी माझ्या कॉटपर्यंत गेलो. पुढचे सहा महिने तसाच जात राहिलो.

आम्ही त्यांना वॉर्डन म्हणायचो. हॉस्टेलचे असतात तसले नव्हे. विलायतेत एका जुन्या विद्यापीठात म्हणे एक कॉलेज आहे, शेकडो वर्षांपूर्वीचं, आणि त्या कॉलेजात विद्यार्थीच नाहीत. आहेत ते फक्त फेलो, म्हणजे निवडून घेतलेले विद्वान. त्यांनी आपापला अभ्यास करायचा आणि एकत्र जेवायचं, एवढंच काम. त्यांच्या प्रमुखाला वॉर्डन म्हणतात. आमचे वॉर्डन एका लिफ्टच्या कंपनीत इंग्रजी पत्रव्यवहार बघायचे. कंपनीनं त्यांना एकदा आठवडाभराच्या ट्रेनिंगला इंग्लंडला पाठवलं होतं. रविवारी सगळे सहकारी लंडनला खरेदीला गेले आणि हे बस पकडून ते कॉलेज बघायला गेले. दारावरच्या माणसानं आत सोडलं नाही. मग हे फाटकाच्या गजांतून दुपारभर आत बघत उभे राहिले, संध्याकाळच्या बसनं परत आले, आणि दुबईत उतरल्यावर करामातल्या आपल्या फ्लॅटचं कॉलेज करून टाकलं. फाटकातून जेवढं दिसलं तेवढं उचललं. उरलेलं वाचून काढलं, आणि वाचूनही कळलं नाही ते स्वतःच ठरवलं.

"आत गेलो नाही ते बरंच झालं," ते म्हणायचे. "आत गेलेल्या माणसाला वाटतं, आपल्याला सगळं कळलं."

मी गेलो तेव्हा कॉलेजात दोनच फेलो होते. एक खानविलकर, रत्नागिरीचा, एअर कार्गोत नोकरीला आणि आमचा मुख्य स्वयंपाकी. दुसरा वर्गीस, केरळचा, औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट. त्याला मराठी समजायचं, पण तो बोलायचा हिंदीत. कॉलेजचा पहिला नियम असा, की प्रत्येकानं एक विषय घ्यायचा आणि त्याचा आपल्या नोकरीशी काडीचाही संबंध असता कामा नये. वर्गीसचा विषय होता जुन्या खलाशांचे तारे. दर गुरुवारी संध्याकाळी तो खाडीवर जाऊन लाकडी गलबतांवरच्या म्हाताऱ्या तांडेलांना छळायचा. खानविलकरचा विषय होता जांभई. त्यानं त्यावर पेपर वाचला तेव्हा आम्ही सगळे जांभया देत होतो. तो चिडला, पण वॉर्डन म्हणाले, "पेपर यशस्वी झाला." मी कुलपं हा विषय घेतला. का घेतला ते कुणी विचारलं नाही. 'उपयोग काय' हा प्रश्न ऑफिसात विचारायचा, घरात नाही, असं वॉर्डनचं म्हणणं होतं.

पेपर वाचणाऱ्यानं काळा झगा घालायचा. हा झगा वॉर्डननी करामातल्याच एका शिंप्याकडून शिवून घेतला होता. त्या शिंप्याचा सगळा धंदा अबायांचा, म्हणजे तिकडच्या बायका वरून घालतात त्या काळ्या झग्यांचा. त्याला वाटलं, साहेब बायकोसाठी नेतायत आणि लाजतायत. म्हणून त्यानं प्रेमानं दोन्ही बाह्यांना चंदेरी मणी लावून दिले. झगा परत करायला वॉर्डनचं मन झालं नाही. त्यामुळे आमच्याकडचं सगळं संशोधन थोडं चमचमतं झालं.

शुक्रवार हा तिकडचा सुट्टीचा वार, आणि शुक्रवारची दुपार हा कॉलेजचा मोठा प्रसंग. अख्खं करामा त्या वेळी सामसूम असायचं. हिरवळीवर मधोमध टेबल, भोवती आम्ही. टेबलाशी एकमेकांना 'आपण' म्हणायचं हा दंडक. "आपण भात घेणार का?" असं मला अदबीनं विचारणारे वॉर्डन हिरवळीच्या बाहेर पाऊल पडलं की ओरडायचे, "अरे गाढवा, कुकर कुणी बंद करायचा?" जेवताना व्हिसा, पगार, कंपनी आणि मॅनेजर यांचं नाव काढायचं नाही. आणि सगळ्यांत कडक नियम, गुणाकार करायचा नाही. दुबईतला आपला माणूस तोंडात घास घालताना सुरमई किती दिरहमची, म्हणजे किती रुपयांची, हे मोठ्यानं बोलल्याशिवाय गिळू शकत नाही. आमच्याकडे जो गुणाकार करील त्यानं ताट उचलून हिरवळीच्या बाहेर, फरशीवर बसून जेवायचं. सहा महिन्यांनी मला हिरवळीवर यायची परवानगी मिळाली, तरी गुणाकारापायी पहिल्या वर्षी मी बहुतेक जेवणं फरशीवरच केली.

आता बुटाचं सांगतो.

जेवणाआधी वॉर्डन उजव्या पायात बूट घालायचे, डाव्या पायातला बूट हातात धरायचे आणि लंगडत लंगडत हिरवळीला एक पूर्ण फेरी मारायचे. आम्ही उभे. फेरी झाली की बूट बाहेर ठेवायचा, हात धुवायचे, मग वरण-भात. कारण काय, तर त्या दिवशी फाटकातून त्यांना दिसलं होतं, की एक पांढऱ्या केसांचा फेलो डाव्या पायातला बूट हातात घेऊन आतल्या हिरवळीच्या कडेनं गंभीरपणे चालला आहे. शेकडो वर्षांची परंपरा असणार ती, दुसरं काय! जेवायच्या ठिकाणी पायताण म्हटल्यावर खानविलकर कासावीस झाला होता म्हणे. मग बूट ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचा, अशी तडजोड झाली. हातातला बूट चारचौघांत मिरवायचा म्हणून वॉर्डन तेवढाच रोज पॉलिश करायचे. उजवा राहायचा धुळकट. त्यांच्या ऑफिसात नवा आलेला प्रत्येक माणूस आधी त्यांच्या पायांकडे बघायचा आणि मग काळजीनं त्यांच्या तोंडाकडे.

मला आधी हे सगळं हास्यास्पद वाटायचं. मग कधीतरी, कधी ते मला आठवत नाही, मी शुक्रवारची वाट बघायला लागलो. सहा दिवस मी लोकांच्या इमारतींमधल्या विटा मोजायचो. सातव्या दिवशी मला कुणीतरी विचारायचं, "कुलपाचा शोध आधी लागला असेल की चोरीचा? आपलं काय मत आहे?" आणि उत्तर येईपर्यंत तीन माणसं हातातला घास तसाच ठेवून थांबायची. परक्या मुलुखात इतक्या आदरानं मला दुसरं कुणीही काही विचारत नव्हतं. त्या घरावर माझा जीव जडला, हे सरळच सांगतो.

अशा आमच्या कॉलेजवर एका गुरुवारी संकट आलं. वर्गीस खाडीवरून धापा टाकत आला. चप्पल न काढता थेट हिरवळीवर.

"वॉर्डन साब! उधर खाडी पे एक बुढ्ढा अंग्रेज मिला. रस्सी की गाँठें देख रहा था. मैंने पूछा किधर से आया. साब, वो आपके कॉलेज का है! असली फेलो!"

वॉर्डन चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला.

"मैंने कल खाने पे बुला लिया," वर्गीस म्हणाला.

वॉर्डन मग उठले, हिरवळ गुंडाळली, गच्चीवर नेऊन धुतली आणि तिथंच वाळत घातली. रात्रभर टेबलाशी खुडबुड चालली होती. सकाळी बघतो तर उन्हानं हिरवळीची चारही टोकं वर वळली होती, आणि हे त्यावर इस्त्रीचे कपडे आणि तांदळाचा डबा ठेवून बसले होते.

खानविलकर सुरमईला मसाला लावत म्हणाला, "वॉर्डन, एक सांगू? आज ते बुटाचं नको. साहेब हसेल."

"बुटाचं होणार."

"अहो, पण तिकडे समजा तसं काही नसलंच तर? आपण आपलं करत बसायचो आणि तो परत जाऊन सगळ्यांना सांगायचा, की दुबईला चार इंडियन..."

"म्हणून तर होणार," वॉर्डन म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "आणि त्याला आधीपासून कुणी काही सांगायचं नाही. डोळे मिचकवायचे नाहीत. तो म्हणाला, हा काय मूर्खपणा आहे, तर खलास. उद्यापासून हे घर म्हणजे नुसतं बेडस्पेस. कार्पेट नातूरला देऊन टाकीन."

ते बोलले ते करणारे होते, हे आम्हाला माहीत होतं. खानविलकरनं त्या दिवशी कालवणात दोनदा मीठ घातलं, मग बटाटे घालून ते निस्तरलं.  त्या फ्लॅटसारखे फ्लॅट करामात पन्नास मिळाले असते. पण माझ्या कुलपांबद्दल विचारणारं माणूस मी कुठून आणणार होतो?

साहेब आले. उंच, वाकलेले, उन्हानं नाक सोललेलं. नातूरनं खाली बहुधा खूण केली असावी, कारण त्यांनी दाराबाहेरच बूट काढले होते आणि एका मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. वॉर्डननी हात मिळवला. पुढचं सगळं बोलणं इंग्रजीत झालं. मी ते आपल्या भाषेत सांगतो.

"आपला विषय?" वॉर्डननी विचारलं.

"गाठी. आता चालत नाहीत अशा जहाजांच्या दोरांच्या गाठी."

"उपयोग?"

"काहीच नाही," साहेब म्हणाले.

वॉर्डनचा चेहरा जरासा उजळला. पण लगेच त्यांनी खुर्चीखालून बूट काढले, उजवा पायात चढवला, डावा फडक्यानं पुसला आणि ते उभे राहिले. आम्हीही उभे राहिलो. साहेब आमच्याकडे बघत उठले. वॉर्डन निघाले. एक पाय बुटात, एक पाय अनवाणी, हातात चकचकीत डावा बूट. वळलेल्या टोकाला ते अडखळले, सावरले आणि पुढे चालले. खोलीत एसीचाच काय तो आवाज. मी साहेबांच्या तोंडाकडे बघत होतो. ते आधी गोंधळले. मग त्यांच्या ओठाचा कोपरा हलला. वॉर्डन फेरी संपवून त्यांच्यासमोर येऊन थांबले.

"ही आपल्याकडचीच पद्धत आहे," ते म्हणाले. "मी आपल्या फाटकातून पाहिली होती."

साहेबांनी बुटाकडे पाहिलं. मग वॉर्डनकडे पाहिलं. मग अगदी गंभीरपणे विचारलं, "कुठल्या पायातला?"

"डाव्या."

"बरोबर," साहेब म्हणाले, आणि खाली बसले.

त्यानंतर जे जेवण झालं तसं त्या टेबलावर परत झालं नाही. वर्गीसनं तारे सांगितले, खानविलकरनं साहेबांना जांभई आणून दाखवली, मी कुलपांचं सांगितलं. साहेबांनी सोलकढी दुसऱ्यांदा मागून घेतली आणि विचारलं, हे पेय कुठल्या दुकानात मिळतं आणि कितीला. वॉर्डन त्यांना गोड आवाजात म्हणाले, "आपल्याला आता फरशीवर बसावं लागेल." नियम समजावल्यावर साहेब खरोखरच ताट घेऊन, कुरकुरत्या गुडघ्यांनी, फरशीवर जाऊन बसले.

मी त्यांना टॅक्सीपर्यंत सोडायला खाली गेलो. लिफ्टचं दार बंद झालं आणि इतका वेळ दाबून धरलेलं हसू त्यांना आवरेना. डोळे पुसत म्हणाले, "मुला, आमच्याकडे असलं काहीही नाही. आमचे एक म्हातारे होते, आता गेले. वाटेवरच्या बारीक खडीतला खडा नेहमी त्यांच्याच बुटात जायचा. तुमच्या वॉर्डननी त्यांनाच पाहिलं असणार. पण त्यांना हे सांगू नकोस."

"नाही सांगणार," मी म्हणालो.

टॅक्सीत बसताना ते म्हणाले, "आमच्याकडे जेवताना सगळे पेन्शनबद्दल बोलतात. तो गुणाकाराचा नियम मी घेऊन जातोय."

मी वर आलो तेव्हा वॉर्डन हिरवळीवर आडवे होऊन, टायची गाठ सैल करून, घोरत होते. कॉलेज वाचलं होतं. मी कुणालाच काही सांगितलं नाही.

कॉलेज पुढे बरीच वर्षं चाललं. मी लग्न केलं, दुबईशेजारच्या शारजात अल मजाज भागात बिऱ्हाड केलं, मुलगी झाली. तरी महिन्यातला एक शुक्रवार करामात ठेवला. मग वॉर्डन साठ वर्षांचे झाले आणि कंपनीनं त्यांचा व्हिसा पुढे चालवला नाही. बहिणीकडे मिरजेला जायचं ठरलं. विमानतळावर सोडायला मी गाडी घेऊन गेलो. त्यांनी एक सुटकेस डिकीत टाकली आणि गुंडाळलेली हिरवळ मागच्या सीटवर आडवी घातली.

"ही तुला. तुझी पोरगी चालेल तिच्यावर."

सिग्नलला गाडी थांबली. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुला त्या दिवशी साहेबानं खाली सांगितलं ना, खड्याचं?"

माझा पाय क्लचवरून निसटला आणि गाडी बंद पडली. मागचे हॉर्न वाजवायला लागले.

"तुम्हाला कसं कळलं?"

"कसं म्हणजे? मी होतो ना तिथं, फाटकाशी. त्या म्हाताऱ्यानं फेरी मारली, बाकावर बसला, बूट उलटा करून झटकला. खडा पडलेला मी या डोळ्यांनी पाहिला. गाडी सुरू कर."

मी गाडी सुरू केली. "मग इतकी वर्षं ते कशाला केलं?"

"मला ते आवडलं. खडा टोचत असताना तो हिरवळीवरून मधूनच बाकाकडे गेला नाही, कडेकडेनं अख्खी फेरी मारून गेला. आपल्याला जमलं असतं?"

"आणि मग साहेबांसमोर? ते म्हणाले असते, की हे खोटं आहे, तर तुम्ही सगळं बंद करणार होता."

"खोटं आहे हे मला माहीतच होतं रे." ते हसले, मग हसू थांबवून म्हणाले, "परीक्षा आपली नव्हती, त्याची होती. फाटकाबाहेर उभं राहून मी ज्या जागेवर जीव टाकला, तिथली माणसं कशी आहेत ते मला कुठं माहीत होतं? तो हसून निघून गेला असता, तर मी इतकी वर्षं कुणाची नक्कल करत होतो? त्या रात्री मला झोप नव्हती. पण त्यानं विचारलं, कुठल्या पायातला. तेव्हा मला कळलं, की मी उभा होतो ते फाटक बरोबर होतं."

विमानतळावर त्यांनी माझ्याशी हात मिळवला आणि "आपली रजा घेतो," म्हणाले. पायांत तेच बूट होते. मी रडलो, आणि पार्किंगवाल्यानं ते बघितलं.

हिरवळ आता आमच्या हॉलमध्ये आहे. टोकं अजून वर वळलेलीच. मागच्या एका शुक्रवारी, वॉर्डन मिरजेला वारले त्याला काही महिने झाले असतील, मला त्यांची फार आठवण आली. बायको ताटं मांडत होती. मी उजवा बूट पायात घातला, डावा फडक्यानं पुसून हातात घेतला आणि निघालो.

"अहो, जेवायच्या वेळी बूट कसले घालताय?" बायको म्हणाली. "कालवण गार होतंय."

मुलगी सात वर्षांची. मराठी सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीत. ती खुर्चीवर गुडघे टेकून माझ्याकडे बघत होती. मी अख्खी फेरी मारली, मधून गेलो नाही. तिच्यासमोर येऊन थांबलो. मला वाटलं, आता ही हसणार, किंवा विचारणार, व्हाय.

तिनं बुटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"विच फूट, बाबा?"

"डावा," मी म्हणालो, आणि मागितली नसतानाही तिला सोलकढी दुसऱ्यांदा वाढली.